नटबोल्टांचा पखवाज

केज येथील एका देवळांतील भजनी मंडळाचा पखवाज अलीकडे आमच्या पाहण्यांत आला. खोड खैराचें, जड, आणि इतक्या वर्षांनंतरहि कोठें चीर न गेलेलें. परंतु त्या खोडावर जो संसार मांडलेला होता तो पाहून हंसावें कीं रडावें हें आम्हांस कळेना. वादीच्या जागीं निळी नायलॉनची दोरी. ती सैल पडूं लागली तेव्हां तिच्या मदतीस सहा लोखंडी सळया, सळयांच्या टोकांस आंकडे आणि ते आवळण्यास ट्रॅक्टरच्या दुकानांतून आणलेले नट. सळया घसरूं नयेत म्हणून खोडांत ठोकलेले चार स्क्रू. गठ्ठ्यांपैकीं दोन लांकडी, बाकीचे पाइपाचे तुकडे. डाव्या पुडीवर कणकेऐवजी ढोलकीस लावतात तसला काळा मसाला कायमचा थापलेला. मंडळाच्या चिटणिसांनीं अभिमानानें सांगितलें, "सात वर्षें झालीं, वाजतोच आहे, एक पैसा खर्च नाहीं!"

आमचें भांडण या वाक्याशीं आहे.

वाजतो म्हणजे काय? काठीनें पिंप बडविलें तरी तेंहि वाजतें. नुसत्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली असतां जे नाद उठतात ते एकमेकांशीं जुळत नाहींत. म्हणून साध्या ढोलास गडगडाट असतो, स्वर नसतो. आमच्या कारागिरांनीं पुडीच्या मध्यभागीं शाईचे थर घोटून या बेबंद नादांस सुरांत बसविलें. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं शिवकाली कुमार यांच्यासह, आणि पुन्हां १९३४ सालीं, मृदंग व तबला यांच्या या गुणाचें शास्त्रीय विवेचन केलें. जगन्मान्य शास्त्रज्ञास ज्याचें कौतुक वाटलें तें काम निरक्षर म्हणून हिणविल्या गेलेल्या हातांनीं कित्येक पिढ्या आधीं करून ठेविलें होतें.

पण ही किमया एकट्या शाईची नव्हे. ताण सर्व बाजूंनीं सारखा असेल तरच शाई आपलें काम करते. गजऱ्याच्या सोळा घरांतून ओवलेली वादी ही लांबच लांब पट्टी. एका घरीं बसलेली ओढ ती शेजारच्या घरांस वांटून देते, आणि उरलासुरला फरक वादक गजऱ्यावर हातोडीचे ठोके देऊन मिटवितो. सहा सळयांची गोष्ट निराळी. प्रत्येक आंकडा आपल्यापुरतें ओढतो. गजरा वेडावांकडा होतो आणि एकाच पुडीवर दोन ठिकाणीं दोन सूर निघतात. केजच्या त्या पखवाजावर आम्हीं स्वतः थाप मारून हें ऐकलें. विणेकऱ्यानें यांतला कोणता सूर धरावा? डाव्या अंगाची तीच कथा. ओली कणीक प्रसंगीं थोडी वाढवितां येते, थोडी काढतां येते. भजन संपलें कीं ती खरवडून टाकतात. कायमच्या मसाल्यानें वादकाचें तें स्वातंत्र्य गेलें.

आम्ही जुन्याचे आंधळे भक्त आहों असें मात्र कोणीं समजूं नये. वरातींतील बँडच्या साइड ड्रमास स्क्रू असतात, ते त्याचे जन्मजात अवयव होत. तेथें सबंध पुडीवर कडें बसतें आणि स्क्रू त्या कड्यास ओढतात. कारखान्यांत तशीच योजून केलेली बोल्टची ढोलकीहि आम्हांस मान्य आहे. पाश्चात्य देशांत १९५७ च्या सुमारास कातड्याच्या जागीं प्लास्टिकचीं पानें आलीं, तींहि विचारपूर्वक आलीं. पण तिकडचा जाणकार जुना ड्रमसंच दुरुस्त करावयास बसला म्हणजे काय करतो? मागील धन्यानें ठोकलेले परके स्क्रू आधीं काढतो, त्याच आट्यांचे अस्सल भाग शोधतो, आणि ते मिळेपर्यंत नवें भोंक पाडीत नाहीं. परका स्क्रू आटे खातो हें त्याला ठाऊक असतें. सुधारणा आणि जुगाड यांतील हें अंतर आमच्या सुशिक्षितांस कां दिसूं नये?

"कारागीर मिळत नाहीं," हें दुसरें उत्तर. केजला लागूनच अंबाजोगाई तालुका. तेथील आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचा पखवाज साऱ्या देशानें ऐकला. त्या मुलखांत पुडी चढविणारा मिळूं नये? आम्हीं शोधला, आणि एक म्हातारा कारागीर मिळाला. त्याच्याकडे गेल्या कित्येक महिन्यांत कोणी फिरकलें नव्हतें. मुलगा हंगामांत ऊसतोडीस जातो. "पुडी दोन दिवसांची, लोक भाव करतात दोन घंट्यांचा," असें तो म्हणाला. हेंच मंडळ सप्ताहाच्या मंडपाचा आणि कर्ण्यांचा भाडेखर्च निमूटपणें देतें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आणि आतां जें बोलावयास लोक कचरतात तें बोलतों. पखवाजास आम्ही बुक्का लावतों, पायावर पडावें तसे त्याच्यापुढें वांकतों. परंतु ज्यानें कातडें कमाविलें त्याला पिढ्यानपिढ्या पायरीखालीं उभें केलें. त्याच्या हातचें कातडें देवापुढें चालत होतें, हात चालत नव्हता. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली. मजुरी ठरवितांना मात्र ती अजून आमच्या तोंडून बोलते. ज्यास आम्ही काटकसर म्हणतों ती पुष्कळदां ही जुनी तुच्छताच असते, आणि निळी दोरी हें तिचें नवें वस्त्र होय.

पखवाज कांचेच्या कपाटांत ठेवा, असा सल्ला देणारे एक रसिकहि आम्हांस भेटले. त्यांना आम्ही हात जोडले. वाद्य वाजलें पाहिजे. सळया काढाव्या, स्क्रूंचीं भोकें खैराच्याच खुंट्यांनीं बुजवावीं, नवी पुडी व चामड्याची वादी चढवावी, खोडास व्हार्निशाचा हातहि लावूं नये. आणि हें काम म्हाताऱ्यानें देवळाच्या ओसरीवर, गांवच्या पोरांदेखत, स्वतः सांगेल त्या मजुरीवर करावें.

यंदाची आमची वर्गणी आम्हीं मंडळाकडे न भरतां वादीच्या चामड्यासाठीं त्या म्हाताऱ्याच्या हातीं दिली. चिटणीस रागावले आहेत.