मोबाईलच्या फोटोवरून झाड मोजता येतं, मग रोपांची दुसरी मोजणी का होत नाही?

पावसाळा सुरू झाला की वृक्षारोपणाच्या फोटोंचा पूर येतो. त्याच रोपाचा तीन वर्षांनंतरचा फोटो मात्र क्वचितच दिसतो. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यातली किती झाडं जगली, यावरून पुढे वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तेव्हाचे वनराज्यमंत्री होते इंदापूरचेच आमदार दत्तात्रय भरणे.

वाद झाला, कारण खड्डे मोजले गेले; झाडं पुन्हा मोजली गेली नाहीत. आता ते काम खिशातल्या मोबाईलवर होऊ शकतं. म्हणूनच दुसरी मोजणी सक्तीची करायला हवी, असं माझं मत आहे.

फोटोवरून झाड कसं मोजतात?

वनखात्याच्या पद्धतीत खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, टेप गुंडाळून मोजतात. फोटोत हेच काम दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण करतात. खोडाला २० सेंटिमीटरची पट्टी टेकवून फोटो काढला. फोटोत पट्टी १०० पिक्सेल भरली आणि खोडाची रुंदी १५० पिक्सेल. म्हणजे खोडाचा व्यास ३० सेंटिमीटर आणि घेर साधारण ९४ सेंटिमीटर.

उंचीचंही तसंच. सपाट जमिनीवर झाडापासून १० मीटर लांब उभे राहा. शेंडा पाहण्यासाठी मोबाईल ४५ अंश वर करावा लागला, तर झाडाची उंची १० मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, म्हणजे अंदाजे साडेअकरा मीटर. घेर, उंची आणि झाडाची जात कळली की लाकूड किती आणि त्यात कार्बन किती, याचा अंदाज ठरलेल्या सूत्रांनी काढता येतो.

मग उपग्रह कशाला आहेत?

देशाच्या जंगलाचा अहवाल डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तयार करते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपग्रह प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर साधारण साडेतेवीस मीटर लांब-रुंद असतो. आपल्या हिशोबात साडेपाच गुंठे. त्यात बांधावरची एकटी बाभूळ किंवा माळावरचा हिवर वेगळा दिसत नाही. गेल्या वर्षी लावलेलं कमरेएवढं रोप दिसण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची. जंगलाला लागून असलेला ऊस उपग्रहाला गोंधळात टाकू शकतो, हे वन सर्वेक्षणाच्या अहवालातही नमूद असतं. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस आणि वर कोरडा माळ, अशी बारामती-इंदापूरची रचना आहे. इथे आकाशातून काढलेल्या आकड्याला जमिनीवरच्या फोटोची जोड हवीच.

फोटो कुठे चुकतो?

पट्टी खोडाला न टेकवता कॅमेऱ्याजवळ धरली, तर ती मोठी दिसते आणि खोड प्रत्यक्षापेक्षा बारीक भरतं. वेड्या बाभळीला बुडापासूनच अनेक खोडं फुटतात आणि काट्यांच्या जाळीत ती फोटोत येतच नाहीत. त्यामुळे दर दहा झाडांमागे एक झाड टेपने मोजून फोटोचा आकडा ताडून पाहायला हवा. टेपला निवृत्त करण्याची घाई नको.

जास्त झाडं म्हणजे चांगलं जंगल?

प्रत्येक ठिकाणी नाही. बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते चिंकारासाठी ओळखलं जातं. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळही चिंकारा आणि लांडग्यांचा. गवत आणि मधूनमधून झाड, हेच त्या जागेचं निरोगी रूप. मेंढपाळांची चराईही याच गवतावर चालते. तिथे दाट लागवड केली, तर कॅमेरा झाडं वाढल्याचंच सांगेल. त्या आकड्याला यश म्हणायचं की नुकसान, हे ॲप ठरवू शकत नाही. म्हणून मोजणीच्या तक्त्यात ‘जागेचा प्रकार’ हा रकाना आधी हवा आणि माळावर गवताचीही नोंद हवी.

काय करता येईल?

लागवडीच्या प्रत्येक जागेवर काही चौकोन कायमचे आखून द्यावेत. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी त्याच झाडांचे, त्याच जागेवरून, तारीख आणि ठिकाणासह फोटो काढावेत. मेलेल्या रोपाचाही फोटो यादीत राहावा. चौकोन कुठे असतील, हे लागवड करणाऱ्याने ठरवू नये. नाहीतर जगलेल्या झाडांभोवतीच चौकोन आखले जातील. आणि सगळे आकडे गावनिहाय सर्वांसाठी खुले असावेत.

यासाठी नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. मोजणीची पानं त्याच वहीत जोडता येतील. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हे काम एका दिवसात शिकवता येईल.

बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात उसासाठी उपग्रह, सेन्सर आणि एआय एकत्र वापरले जात आहेत. उसाला किती पाणी लागेल हे मोबाईलवर पाहणाऱ्या तालुक्यांना गावाच्या वनीकरणातलं कोणतं झाड जगलं, हेही कळायला हवं. येत्या पावसाळ्यात नव्या लागवडीचा निधी मंजूर करण्याआधी ग्रामसभेने एकच कागद मागावा: तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांची आजची मोजणी.