झीरो कोलेस्टेरॉलचं तेल आणि आपली फसगत

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक काकू आल्या. वय ५८, मधुमेह सात वर्षांपासून, रिपोर्टमध्ये एलडीएल १६८ आणि ट्रायग्लिसराइड ३१०. मी काही बोलायच्या आतच त्यांनी पर्समधून तेलाच्या पिशवीचा कापून आणलेला तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "डॉक्टर, लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलंय बघा. आमच्याकडे चार वर्षं हेच तेल येतं." तुकड्यावर लाल हृदयाचं चित्र आणि शेजारी ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री'.

लॅबचं काही चुकलं नव्हतं. पिशवीवर लिहिलेलंही खोटं नव्हतं. माझा राग नेमका त्यावरच आहे.

कोलेस्टेरॉल ही मुळात प्राण्यांच्या पेशींतली गोष्ट. वनस्पती आपापले वेगळे स्टेरॉल बनवतात. त्यांच्यात कोलेस्टेरॉल असलंच तर नगण्य. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, पाम, खोबरं, कशाचंही तेल घ्या, ते कोलेस्टेरॉल फ्रीच असतं. तुमच्या आजीच्या वेळी घाण्यावरून किटलीत आणलेलं तेलही कोलेस्टेरॉल फ्रीच होतं, फक्त किटलीवर तसं छापलेलं नव्हतं. पाण्याच्या बाटलीवर 'अल्कोहोल फ्री' छापलं तर आपण हसू. तेलाच्या बाबतीत मात्र आपण दहा रुपये जास्त देतो आणि वर हात सैल सोडून वापरतो.

अजून एक उदाहरण देतो, ते जास्त बोचरं आहे. वनस्पती तूप आठवतंय? आपल्याकडे त्याला सरसकट डालडाच म्हणत. वनस्पती तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालून ते घट्ट करायचे. त्यात कोलेस्टेरॉल शून्य. म्हणजे त्या डब्यावरही 'कोलेस्टेरॉल फ्री' हे शब्द अगदी खरे ठरले असते. आणि त्यात असायचे भरपूर ट्रान्स फॅट, हृदयासाठी आजवर आपल्याला माहीत असलेला सगळ्यात वाईट स्निग्ध पदार्थ. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्याआधी कित्येक दशकं बेकरीची खारी, स्वस्तातली मिठाई आणि लग्नातल्या पंगती त्याच डब्यावर चालल्या.

आता थोडं रसायनशास्त्र, कारण ते नीट कळलं की हे लेबल आपोआप निरर्थक होतं. घाबरू नका, शाळेत स्निग्ध पदार्थ म्हणून जे शिकलात तेच आहे.

लिपिड म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांचं मोठं कुटुंब. तेल आणि तूप हे त्यातले ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉल नावाचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी अॅसिडच्या तीन लांब साखळ्या. सगळी गंमत या साखळ्यांच्या आकारात आहे. साखळी सरळ असेल तर ती सॅच्युरेटेड. अशा साखळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या चिकटून बसतात, म्हणून तूप थिजतं आणि थंडीत खोबरेल तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवावी लागते. साखळीत दुहेरी बंध असेल तर तिथे बाक येतो, ती अनसॅच्युरेटेड. वाकड्या काड्या नीट रचता येत नाहीत, म्हणून करडईचं तेल थंडीतही पातळ राहतं. ट्रान्स फॅटमध्ये दुहेरी बंध असतो, पण बाक जवळजवळ नसतो. अनसॅच्युरेटेड असूनही ती साखळी सरळ होऊन बसते.

शरीराच्या दृष्टीने प्रश्न इथे आहे. सॅच्युरेटेड फॅट जास्त खाल्लं की यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर कमी पडतात आणि रक्तातलं एलडीएल वाढतं. म्हणजे ताटात कोलेस्टेरॉल शून्य असलं तरी रक्तात ते वाढू शकतं. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट आहे, पाम तेलात साधारण निम्मं. दोन्ही कोलेस्टेरॉल फ्री. उलट सूर्यफूल किंवा करडईच्या तेलात सॅच्युरेटेड फॅट बरंच कमी. तेही कोलेस्टेरॉल फ्री. जे लेबल या सगळ्यांवर सारखंच चिकटवता येतं, ते ग्राहकाला काय सांगतं? काहीही नाही.

आपल्याकडचे नियम बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. २०११ च्या लेबलिंग नियमांत खाद्यतेलावर 'अँटी-कोलेस्टेरॉल', 'कोलेस्टेरॉल फायटर', 'सूदिंग टू हार्ट' असले शब्द छापायला मनाई केलेली आहे. म्हणून मग शब्द टाळून चित्रं आली. हृदय, धावणारा नवरा, हसत वाढणारी बायको. हृदयाच्या चित्राला काय सिद्ध करावं लागतं?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथे तर अजून मोठी आग आहे. 'कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा बागुलबुवा, अमेरिकेनेही बंदी उठवली, तूप खा बिनधास्त' हा मेसेज तुम्हाला आला नसेल तर तुमच्याकडे मोबाईल नाही. यातला खरा भाग एवढाच, की २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शनात रोजच्या जेवणातल्या कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली. ती काढली कारण बहुतेक माणसांत खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावरचा परिणाम कमी असतो. सॅच्युरेटेड फॅटवरची मर्यादा मात्र कायम ठेवली. एकाने कोलेस्टेरॉलच्या नावाने भीती विकली, दुसरा त्याच नावाने बेफिकिरी वाटतोय. गोंधळ दोघांचा एकच: ताटातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं एलडीएल म्हणजे एकच वस्तू आहे असं धरून चालणं.

माझ्याकडे ४९ वर्षांचे एक गृहस्थ यायचे. अँजिओप्लास्टी झालेली, स्टॅटिनची गोळी चालू. आठ महिन्यांनी त्यांनी ती बंद केली, मला न सांगता. वर्षभराने दुसरा अटॅक घेऊनच आले. वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. वॉर्डात त्यांनी मला मोबाईलवर तो मेसेज काढून दाखवला. जपून ठेवला होता. गोळी सोडल्यामुळेच अटॅक आला असं एका माणसाबद्दल छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण स्टेंट बसवलेल्या हजार माणसांनी ती सोडली तर काय होईल, हे आम्हाला चांगलं माहीत आहे.

एलडीएल बागुलबुवा नाही याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा औषध कंपन्यांच्या जन्माआधीचा आहे, तो म्हणजे आनुवंशिकता. काही मुलं एलडीएल रिसेप्टरचा बिघाड आई आणि वडील दोघांकडून घेऊन जन्मतात. त्यांच्या रक्तात एलडीएल प्रचंड असतं आणि हार्ट अटॅक शाळेच्या वयात येऊ शकतो. ना सिगारेट, ना ताण, ना वडापाव. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी याच आजाराचा माग काढत तो रिसेप्टर शोधला आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. उलट पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे ज्यांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं, त्यांना हृदयविकार खूप कमी होतो. यात कुणी कुणाला गोळी विकलेली नाही.

मग कोलेस्टेरॉल वाईट का? नाही हो! तिसरी चूक ही, आणि ती आम्हा डॉक्टरांची. आम्ही घाईत 'तेल-तूप बंद' असं लिहून मोकळे होतो. लिपिडशिवाय तुम्ही एक मिनिटही जगणार नाही. प्रत्येक पेशीचं आवरण फॉस्फोलिपिडच्या दुहेरी थराचं आहे: एक टोक पाण्याला धरणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं. त्या आवरणात कोलेस्टेरॉल बसलेलं असतं, ते आवरण फार घट्टही होऊ देत नाही, फार सैलही नाही. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, पित्तातली आम्लं, सगळी कोलेस्टेरॉलपासून बनतात. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं तेही त्याच्याच एका पूर्वरूपापासून. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो, आणि मेंदू ते स्वतःच बनवतो, तुमच्या ताटाची वाट बघत नाही.

आणि सॅच्युरेटेड फॅट? सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ श्वास घेताना छाती आत ओढतं, कण्हतं, निळं पडतं. त्याच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. हे सरफॅक्टंट म्हणजे मुख्यतः एक फॉस्फोलिपिड, आणि त्याच्या दोन्ही साखळ्या पामिटिक अॅसिडच्या, म्हणजे सॅच्युरेटेड. त्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात म्हणूनच श्वास सोडल्यावर हवेच्या पिशव्या मिटून जात नाहीत. नवजात विभागात नळीतून ते पांढरं औषध बाळाच्या फुफ्फुसात सोडल्यावर काही मिनिटांत त्याचा रंग पालटताना मी पाहिलाय. त्यानंतर 'फॅट' हा शब्द शिवीसारखा वापरणं मला जमलेलं नाही.

तेव्हा लिपिड चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा. कुठलं, किती आणि कुठे, एवढंच विचारायचं. आणि 'किती' हा प्रश्न कुठल्याच पिशवीवर छापला जात नाही, कारण त्याचं उत्तर विक्रीला परवडणारं नाही. कुठलंही तेल घ्या, घाण्याचं, रिफाइंड, ऑलिव्हचं. एका ग्रॅमला ९ कॅलरी. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप मिळून २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे चार-पाच छोटे चमचे. दाणे, दूध, अंडी यातून येणारं वेगळंच.

काकूंना मी पथ्याचा कागद दिला नाही. विचारलं, घरात माणसं किती? "आम्ही दोघं आणि मुलगा." महिन्याला पिशव्या किती? त्या थोड्या थांबल्या. "सहा. पण डॉक्टर, कोलेस्टेरॉल फ्री आहे ना ते."

एका लिटरची पिशवी भरते ९१० ग्रॅम. मी मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात दिलं. सहा पिशव्या, तीन माणसं, तीस दिवस. उत्तर आलं माणशी दिवसाला साठ ग्रॅमच्या वर, साडेपाचशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. मधुमेहाबरोबर हे, आणि त्यावर दोन्ही वेळचा भरपूर भात आणि चहातली साखर, ट्रायग्लिसराइड ३१० यायला अजून काय लागतं?

गोळी सुरू केली. पहिल्या महिन्यात चार पिशव्या, मग तीन, एवढंच ठरलं. पोहे-उपमा करताना तेल पिशवीतून थेट ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. तीन महिन्यांनी परत रिपोर्ट. उठताना त्यांनी टेबलावरचा तो तुकडा उचलला आणि पर्समध्ये टाकला. "मुलाला दाखवते," म्हणाल्या, "तोच आणतो."