ढोलाविना ठेका

ढोल नसेल तर गाण्याला ठेका कुठून येणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. ब्राझीलची गायिका एल्झा सोआरेस हिने त्याचे उत्तर आपल्या गळ्याने दिले.

सांबा हे तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत वाढलेले संगीत. ढोल हा त्याचा प्राण. एल्झा हा सांबा जॅझच्या ढंगाने गायची. मध्येच शब्द सोडून ट्रंपेटसारखा खरखरीत आवाज काढायची. १९६८ साली ड्रमवादक विल्सन दास नेवेस याच्याबरोबर तिने तबकडी काढली, तेव्हा मुखपृष्ठावर तिच्यासोबत त्याचेही नाव होते.

पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मात्र ती गायला बसली ती एकट्या जुआंव दि आकिनो यांच्या गिटारसोबत. ढोल नाही, ड्रम नाही. हे गायन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे गाणे चालते कसे? गिटारवादकाचा अंगठा जाड तारांवर मोठ्या ढोलाचे काम करतो, बाकीची बोटे मधल्या जागा भरतात. उरलेला ठेका गायिकेने श्वासात सांभाळायचा. चूक झाली तर ती झाकायला मागे दणदणाट नसतो.

हा श्वास एल्झा कोणत्या संगीतशाळेत शिकली नाही. आई धुणी धुणारी, बाप कारखान्यातला मजूर. रिओच्या झोपडपट्टीत लहानपणी पाण्याचे डबे डोक्यावर वाहताना तोंडून जो हुंकार निघे, त्यातून आपला आवाज घडला, असे ती सांगत असे. हंड्याखाली मान अवघडलेल्या मायबहिणींना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

कोवळ्या वयात लग्न होऊन ती आई झाली. १९५३ साली आजारी मुलाच्या औषधासाठी पैसे हवेत म्हणून रेडिओवरच्या नवोदितांच्या स्पर्धेत गेली. अंगात आईचा झगा, टाचण्या लावून बसवलेला. लोक हसले. कोणत्या ग्रहावरून आलीस, असे कार्यक्रमाचे प्रमुख आरी बारोझो यांनी विचारले. तुमच्याच, भुकेच्या ग्रहावरून, असे तिने सांगितले. आणि गाऊन बक्षीस जिंकले. २०१९ साली एका संग्रहाला तिने हेच नाव दिले.

जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी ती गेली. गिटारसोबतचे ते गाणे मिळाल्यास घरच्या सर्वांनी मिळून ऐकावे. भाषा कळणार नाही. ठेका कळेल, तो कष्टाच्या श्वासातून आला आहे.