रोजचे निंदण

वऱ्हाडातील शेतात कपाशी उगवून आली, की शेतकऱ्याच्या मागे एक काम लागते. त्याला निंदण म्हणतात. पेरणी एकदा केली की आटोपते. निंदणाचे तसे नाही. मृगाच्या पावसाबरोबर जशी पेरलेली सरकी रुजते, तसे न पेरलेले तणही रुजते. दोघांनाही तीच माती, तेच पाणी आणि तोच सूर्यप्रकाश हवा असतो. कपाशीचे रोप पहिले सहा-आठ आठवडे सावकाश वाढते. तण मात्र झपाट्याने माजते. म्हणून या कोवळ्या दिवसांत ज्याने शेत स्वच्छ राखले, त्याच्या पिकाला पुढे बळ येते. ज्याने या दिवसांत हयगय केली, त्याने मागाहून कितीही खत घातले, तरी हातचे गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा नावाचे गाव आहे. तेथे मी राहतो. दिवसा शेतीचे काम आणि रात्री दोन घटका वाचन, असा माझा क्रम आहे. शेताच्या बांधावर बसून मी आपल्या नित्याच्या जीवनाचा जो काही विचार केला, तो तुमच्यापुढे मांडावा, असे मला वाटले. तुमच्याहून मी वयाने फार मोठा नाही. म्हणून हा उपदेश आहे असे समजू नका. शेजारच्या शेतातल्या माणसाने आपला अनुभव सांगावा, तसे हे सांगणे आहे.

माझे मत थोडक्यात असे आहे, की मनुष्य मोठ्या संकल्पांनी सुधारत नाही. तो रोजच्या लहान कामांनी सुधारतो. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारताना अनेक जण मनाशी मोठमोठे निश्चय करतात. पहाटे उठेन, रोज व्यायाम करीन, कधी खोटे बोलणार नाही, राग आवरीन! निश्चय उत्तम असतात. परंतु ते सगळे एकाच दिवशी केलेले असतात आणि आयुष्य तर रोज जगायचे असते. गुढी संध्याकाळी उतरते आणि तिच्याबरोबर पुष्कळांचे निश्चयही उतरतात. यात निश्चय करणाऱ्याची इच्छा खोटी नसते. पेरणीच्या उत्साहात पुढच्या निंदणाचा विचार राहून गेलेला असतो, इतकेच.

मग रोजचे निंदण करायचे कसे? मी एक साधी वही ठेवली आहे. दिवेलागणीनंतर तिच्यात तीन ओळी लिहितो. पहिली ओळ, आज वेळ कोठे गेला. दुसरी, आज नवे काय कळले. तिसरी, आज आपण कोणाच्या उपयोगी पडलो. याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दुकानदार रोजकीर्द लिहितो, त्यावरून त्याला आपला नफा-तोटा कळतो. पैशाचा हिशेब ठेवणे आपल्याला शहाणपणाचे वाटते. दिवस मात्र पैशापेक्षा मौल्यवान असूनही त्याचा हिशेब कोणी मागत नाही. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. गेलेला दिवस कोणत्याही बाजारात मिळत नाही.

ही कल्पना काही माझी नव्हे. ती फार जुनी आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन नावाचा एक थोर पुरुष होऊन गेला. त्याचा जन्म १७०६ साली झाला आणि तो १७९० साली मरण पावला. व्यवसायाने तो मुद्रक होता. तरुणपणी त्याने आपल्या अंगी यावेत अशा गुणांची यादी केली. आरंभी तिच्यात बारा गुण होते. तेव्हा एका मित्राने त्याला सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. फ्रँकलिन रागावला नाही; त्याने नम्रता हा तेरावा गुण यादीत घातला. मग त्याने एका लहान वहीत प्रत्येक गुणासाठी एक पान आखले, आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने पाडले आणि ज्या दिवशी जी चूक होई तिच्यापुढे एक काळा ठिपका द्यायचा, असे ठरविले. एका आठवड्यात तो एकाच गुणाकडे विशेष लक्ष देई. तेरा आठवड्यांत एक फेरा पुरा होई आणि वर्षात असे चार फेरे होत.

यातील मौज पुढेच आहे. जुने ठिपके खोडून त्याच पानावर नवे देता देता वहीच्या कागदाला भोके पडली! तेव्हा त्याने हस्तिदंताच्या पातळ पानांवर रेघा आखल्या आणि तेथे शिसपेन्सिलीने ठिपके देऊ लागला. ते ओल्या स्पंजाने पुसता येत. व्यवस्थितपणा हा गुण तर त्याला अखेरपर्यंत नीट साधला नाही आणि हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आपण निर्दोष झालो नाही, पण या प्रयत्नामुळे अधिक चांगले आणि अधिक सुखी झालो, असे त्याचे म्हणणे होते. कागदाला भोके पडेपर्यंत आपले दोष पाहणारा मनुष्य दोषरहित नसेलही. परंतु त्याला सामान्य कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, मोठ्या देशातील मोठ्या माणसांच्या गोष्टी आम्हांला काय उपयोगाच्या? आमच्या खेड्यात सोय कोठे आहे? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण देतो. महर्षी धोंडो केशव कर्वे हे कोकणातील मुरूड गावचे. किशोरवयात मराठी शाळेची वरची परीक्षा देण्यासाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते, या कारणाने त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. एवढी पायपीट व्यर्थ गेली! पण परत आल्यावर त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढे ते परीक्षा उत्तीर्ण झाले, १८८४ साली पदवीधर झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर शहरातील आपले काम आटोपून ते चिखल तुडवीत तेथे जात. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. साताऱ्याच्या वाटेवर चालणाऱ्या त्या मुलाला यातील काहीही दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते फक्त पुढचे पाऊल.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळ्या अडचणी सवयी सुधारून दूर होतात, असे मुळीच नाही. आमच्या भागातील पुष्कळशी शेती पावसावर अवलंबून आहे. पाऊस वेळेवर आला नाही, तर वहीतील कोणतीही नोंद त्याला आणू शकत नाही. भाव पडला, तर पहाटे उठणाऱ्याचाही कापूस कमी दराने जातो. गरिबाचे दारिद्र्य पाहून जो म्हणतो, की हा आळशी असेल, तो त्याच्यावर अन्याय करतो. आत्मसुधारणेचा विचार हा दुसऱ्याला दोष देण्यासाठी नसतो. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. म्हणूनच ज्या थोड्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या वाया जाऊ देणे आपल्याला परवडत नाही.

शेतात निंदणाऱ्याला आणखी एक ज्ञान असावे लागते. तण कोणते आणि पीक कोणते, हे त्याला ओळखता आले पाहिजे. उतावळ्या माणसाच्या खुरप्याखाली तणाबरोबर रोपही जाते. खेळ हे तण नव्हे. मित्रांशी गप्पा मारणे, आजीजवळ बसून जुन्या गोष्टी ऐकणे, पोळ्याला बैल सजवणे, हेही तण नव्हे. त्यांनी मन वाढते. तण ते, जे आपण पेरलेले नसते आणि तरी आपल्या पिकाचे पाणी पिते. मोबाइलचेच पाहा. त्यावर धडा वाचता येतो, बाजारभाव पाहता येतो, दूरच्या भावाशी बोलता येते. हे झाले पीक. पण एक चित्र पाहण्यासाठी तो हाती घ्यावा आणि तासाभराने मान वर करावी, तेव्हा आपण काय पाहिले हेही आठवू नये, हे झाले तण. वस्तू तीच, भेद तिच्या उपयोगात आहे. वहीतील पहिली ओळ हा भेद तत्काळ दाखवून देते.

सगळे तण सारखेही नसते. लव्हाळ्याचे पाते वरून तोडले, तर जमिनीतील गाठ तशीच राहते आणि चार दिवसांत पुन्हा पाते वर येते. काही सवयी अशाच असतात. चिडखोर मुलगा तोंड बंद ठेवायला शिकतो, पण मनातील मत्सराची गाठ राहिली, तर राग दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. गाजरगवताची गोष्ट तर सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. परदेशातून आलेले हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लोकांच्या नजरेस आले. त्या वेळी ते थोड्या जागेत होते. आज देशात त्याने व्यापले नाही असे गाव शोधावे लागेल. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून जाणते शेतकरी ते फुलावर येण्यापूर्वीच उपटतात. वाईट सवयीलाही फुले येण्याची वाट पाहू नये.

आता वहीतील तिसऱ्या ओळीविषयी. माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. जो केवळ स्वतःलाच घडवत बसतो, त्याला हळूहळू स्वतःचेच कौतुक वाटू लागते. आपल्या विदर्भात याहून वेगळा आदर्श होऊन गेला. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एखाद्या गावात गेले, की ते प्रथम हाती झाडू घेत आणि रस्ते झाडू लागत, कीर्तन त्यानंतर. कीर्तनात ते लोकांना मुलांना शिकवा, व्यसने सोडा, कर्ज काढून सण करू नका, असे सांगत. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. १९५६ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी आपले मन आणि गावचा रस्ता ही दोन वेगळी शेते मानली नाहीत.

आपल्या घरातही असे शेत असते. एकाच घरात भाऊ आणि बहीण एकाच वर्गात शिकत असतात. भाऊ शाळेतून येऊन पुस्तक उघडतो. बहीण पाणी भरते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते आणि मग झोपाळू डोळ्यांनी अभ्यासाला बसते. अशा वेळी भावाने आणखी दोन पाने वाचली, तर त्याची उन्नती झाली असे मी म्हणणार नाही. त्याने उठून निम्मी भांडी घासली आणि मग दोघे एकाच दिव्याखाली वाचायला बसले, तर मात्र त्या घराची खरोखर उन्नती झाली.

लहान कामांनी मोठे काय होणार, अशी शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर कापसाच्या बोंडाला विचारा. एका बोंडातून अवघा चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. एक क्विंटल कापूस व्हायला वीस-पंचवीस हजार बोंडे वेचावी लागतात आणि ती एकाच दिवशी फुटत नाहीत. एक वेचा झाल्यावर दुसरा, मग तिसरा, असे महिने जातात. तरी कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराला जातातच! तुम्ही रोज दहा पाने वाचली, तर वर्षात ३,६५० पाने होतील. रोज पाच नवे शब्द शिकलात, तर वर्षात १,८२५ शब्द तुमचे होतील.

तुमचे वय अकरा-बारा वर्षांचे आहे. कपाशीच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांसारखेच हे दिवस आहेत. या वयात तण दोन बोटांनी उपटते. पुढे त्याच तणासाठी खुरपे लागते आणि त्याहून पुढे कुदळही पुरत नाही. म्हणून आज एक वही घ्या. तिच्यात पुष्कळ गुणांची यादी करू नका, एकच निवडा. एखादा दिवस चुकला, तर निराश होऊ नका. पाऊस पडला की तण पुन्हा येणारच, त्यात शेतकऱ्याची अप्रतिष्ठा नाही. ते पाहूनही बांधावर बसून राहण्यात मात्र आहे. वही कोणाला दाखवण्याचीही गरज नाही. ज्याचे शेत स्वच्छ असते, त्याचे पीकच ते सांगते.