वजनाची रेघ वाचायला नववीची वाट कशाला?

बाळाचे वजन बाराव्या महिन्यात ९ किलो, तेराव्यात ९ आणि चौदाव्यातही ९. आकडा घसरलेला नाही, बाळ हसते-खेळते आहे, म्हणून घरात कोणाला काळजी वाटत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात हे तिन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यातच पडतात. पण ते जोडले की रेघ आडवी होते, आणि या वयात ती चढती हवी. वाढ थबकली असावी, असे ती सांगते. खाणे कमी पडते आहे का, जुलाब-ताप पुन्हा पुन्हा येतो आहे का, हे तेव्हाच पाहायला हवे. सुट्या आकड्याकडे पाहून जे निसटते, ते आलेखात चटकन नजरेत भरते.

चांदवड तालुक्यातल्या वाडीवस्तीवरच्या बाळाच्या कार्डावरही हाच तक्ता असतो. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वजन. मुलींचा वेगळा, मुलग्यांचा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वाढीच्या मानकांवर तो आधारलेला आहे. ठिपका अंगणवाडी सेविका काढते. पण त्याचा अर्थ आईला, वडिलांना, आजीला कळला तरच घरात वेळेवर हालचाल होते.

आता शाळेकडे पाहावे. राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांत चित्रालेख आणि स्तंभालेख आधीच भेटतात, हे खरे. पण दोन संख्या मिळून एका बिंदूची जागा ठरते, ही कल्पना ‘निर्देशक भूमिती’ या नावाने रीतसर येते ती नववीत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा हमी देतो ती मात्र आठवीपर्यंतच. म्हणजे जी मुलगी आठवीनंतर शाळा सोडते, तिच्या हाती पुढे बाळाचे कार्ड येते. ते वाचायला शिकवणारा धडा मात्र तिच्या वाट्याला आलेलाच नसतो. जी दहावीपर्यंत पोचते, तिच्यासाठीही आलेख म्हणजे बऱ्याचदा प्रमाण लिहायचे, रेषा ओढायची आणि गुण मिळवायचे, एवढेच उरते.

ही कल्पना लहान मुलांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवावी. किती ओळी, ओळीत किती ठिपके, कोणता ठिपका कोणाला जोडायचा, हे सात-आठ वर्षांची मुलगी बघून बघून शिकते. वडनेरभैरवच्या द्राक्षबागेत ‘सातव्या ओळीतला बारावा वेल’ असे सांगितले, तर शेतकऱ्याचे पोर नेमके त्या वेलापाशी जाऊन उभे राहील. ही निर्देशक भूमितीच आहे, फक्त तिला अजून नाव मिळालेले नाही.

शाळेने करायचे ते एवढेच, की या ओळखीच्या गोष्टीला नाव द्यायचे. पटांगणावर फक्कीने दहा बाय दहा चौकटी आखाव्यात. एका कोपऱ्यातून निघून आधी उजवीकडे तीन आणि मग पुढे पाच पावले टाकणारा मुलगा कुठे पोचतो आणि आधी पाच, मग तीन टाकणारी मुलगी कुठे, हे वर्गाने पाहावे. आकडे तेच, जागा वेगळ्या! क्रमाला महत्त्व का, हे त्यानंतर वेगळे पढवावे लागत नाही. मोठ्या मुलांना मग गावाचाच पत्ता द्यावा. चांदवड सुमारे २०.३ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे लिहिले, तर चांदवड थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या थंडगार पाण्यात जाऊन पडते.

आकृत्यांचेही तसेच. चौरस एका टोकावर उभा केला की पुष्कळ मुले त्याला चौरस म्हणायला तयार नसतात. त्यांच्या लेखी ती शंकरपाळी होते. पियरे आणि दीना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये याचा उलगडा मांडला. मूल आधी आकार नुसत्या रूपावरून ओळखते. बाजू, कोन अशा गुणधर्मांकडे ते नंतर वळते आणि व्याख्या-सिद्धता त्याहून पुढे येतात. या पायऱ्या वय वाढले म्हणून आपोआप चढल्या जात नाहीत, त्यासाठी अनुभव लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरीतल्या मुलाने ठिपक्यांच्या कागदावर तोच चौरस फिरवून पाहिला, बाजू मोजल्या, कोपऱ्यांना कागदाचा काटकोन लावून पाहिला, तर तो अनुभव तिथेच मिळतो. तो न देता थेट व्याख्या पाठ करून घेतली, तर पुढे प्रमेयेही पाठच होतात.

‘मुलांना अजून धड वजाबाकी येत नाही, त्यात हे कशाला?’ हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत तर वेळच पुरत नाही. पण इथे नवा विषय वाढवायचा नाही. ऋण संख्या नकोत, सूत्रे नकोत, परीक्षा तर नकोच. पावले मोजताना बेरीज-वजाबाकीचाच सराव होतो. साहित्य म्हणाल तर फक्की, खडू आणि दप्तरात आधीपासून असलेली चौकटीची वही.

त्याच वहीत चौथीच्या वर्गाने मुगाच्या रोपाची उंची रोज एक ठिपका देऊन नोंदवावी. मुलांची स्वतःची वजने वर्गात मांडू नयेत. त्यातून चिडवाचिडवीच होते. रोपाला पाणी मिळाले नाही, की दोन-तीन दिवसांत रेघ आडवी पडते आणि वर्गातले कोणीतरी विचारते, ‘हे वाढायचे का थांबले?’

हाच प्रश्न पुढे बाळाचे कार्ड हातात घेतलेल्या आईला सुचायला हवा. तो चौथीतच सुचू शकतो. त्यासाठी नववीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.