भंगारातली जीप आणि कायद्याची चौकट

सातारा/सांगली : देवराष्ट्रे हे गाव महाराष्ट्राला यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील हे गाव डिसेंबर २०२१ मध्ये मात्र अगदी वेगळ्या कारणाने देशभर गाजले. दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून घडविलेल्या छोट्या जीपची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि ती थेट महिंद्रा उद्योगसमूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांच्यापर्यंत पोहोचली. मुलाच्या हौसेसाठी सुमारे ६० हजार रुपयांत उभी केलेली ही गाडी. सुकाणू डावीकडे, इंजिन दुचाकीसारखे किक मारून सुरू होणारे, तोंडवळा मात्र अस्सल जीपचा. महिंद्रा यांनी जाहीर कौतुक केले, पण त्या कौतुकातच एक इशारा होता. ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाच्या दारात उभी राहिली. घरी घडविलेली गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने गोष्ट गोड झाली. परंतु या गोड शेवटाच्या आत एक कडू प्रश्न दडलेला आहे. एका कारागिराच्या हातची गाडी रस्त्यावर राहण्यासाठी एखाद्या उद्योगपतीची नजर तिच्यावर पडणे आणि मग ती गाडीच रस्त्यावरून उचलली जाणे, एवढा एकच मार्ग या देशात उपलब्ध आहे काय?

लोहार यांची गाडी ही जुनी जीप दुरुस्त करून उभी केलेली नव्हती, ती मुळापासून नवी होती, हे खरे. पण ज्या कौशल्यातून ती जन्मली, ते कौशल्य या दोन जिल्ह्यांना नवे नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. सत्तरच्या दशकात साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना आला आणि ‘प्रिया’ स्कूटर घरोघरी गेली. या कारखान्यांनी ओतकाम, लेथ आणि जोडकाम जाणणारी माणसे घडविली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हमरस्त्यांच्या कडेला आणि उपनगरांतल्या गल्ल्यांमध्ये आपापली गॅरेजे थाटली. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, पाण्याची इंजिने आणि जीप हे या गॅरेजांचे रोजचे गिऱ्हाईक.

जीप तर या भागाच्या अंगवळणीच पडलेली. महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धासाठी घडविलेले हे वाहन स्वातंत्र्यानंतर पाटबंधारे खाते, वनखाते, पोलीस आणि साखर कारखाने यांचे वाहन झाले. नंतर लांब चासीच्या जीप आल्या आणि सातारा-सांगली-कोल्हापूरच्या बोलीत ‘वडाप’ हा शब्द रुजला. एसटी जिथे वेळेवर पोहोचत नाही, तिथे माणसे कोंबून नेणारी जीप म्हणजे वडाप. बेकायदा म्हणून तिच्यावर कारवाई होत राहिली, गरज म्हणून ती धावतही राहिली. दुसरी वाट लष्कराची. साताऱ्यातील अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. ज्या घरांतली माणसे जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत बनलेला शक्तिमान ट्रक किंवा जोंगा चालवून निवृत्त झाली, त्या घरांत या गाड्यांविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविकच होय. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या, तर जोंगा जपानच्या निस्सानच्या आराखड्यावरची. दोन्हींचे उत्पादन नव्वदच्या दशकात थांबले.

अशी गाडी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय कायद्याचा पेच उलगडत नाही. या गाड्यांची रचना आजच्या मोटारींहून अगदी निराळी आहे. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर बोल्टने आवळलेली बॉडी, पुढे-मागे भरीव आस आणि त्यांना तोलून धरणारे पाटे. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी असते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते तशी ती पुढच्या चाकांकडेही वळविण्याचे काम ही पेटी करते. चालकाच्या उजव्या-डाव्या हाताशी दिसणारे जास्तीचे लहान दांडे याच पेटीचे. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने गती कमी करून ओढ वाढवायची. चिखलात रुतलेली गाडी बाहेर निघते ती या दुसऱ्या दांड्याच्या बळावर.

काम सुरू होते ते बॉडी उतरवण्यापासून. पत्र्याखालची चासी कुठे गंजली, कुठे पूर्वी वेल्डिंग झाले, हे तेव्हाच कळते. आडव्या पट्ट्या आणि पाट्यांच्या शॅकलजवळचा भाग सर्वांत आधी जातो, कारण चिखल तिथे साचून राहतो. मग इंजिन खोलायचे, सिलिंडर घासले असतील तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे, क्रँक घासून घ्यायचा. पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना चाक वळते ठेवूनही फिरवणारे सांधे असतात. त्यांच्याभोवतीचे ग्रीस आटले आणि सील फाटले की पाणी शिरते आणि सांधा खडखडू लागतो. काही गाड्यांचा पुढचा शाफ्ट कोणे एके काळी डिझेल वाचवण्यासाठी उतरवलेला असतो. तो मिळवणे हे अनेकदा इंजिनापेक्षा अवघड काम ठरते. बाकी पत्रा, वायरिंग, रंग ही कामे वेळखाऊ खरी, पण त्यांना माणसे मिळतात. वर्ष-दोन वर्षे रविवारमागून रविवार जातात आणि एके दिवशी गाडी स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर पडते. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती नूतन करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी सुस्थितीत असल्याची तपासणी होते. येथवर तक्रारीला जागा नाही. पण शुल्काचा आलेख पाहावा. १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील हलक्या वाहनांसाठी ते १० हजारांवर नेण्यात आले. परदेशातून आयात केलेल्या जुन्या चारचाकीसाठी तर ८० हजार. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे कष्ट गाडीच्या वयानुसार इतके वाढतात, असे कोणी म्हणणार नाही. हे शुल्क जुनी गाडी मोडीत काढण्यास भाग पाडण्यासाठी आहे, हे उघड आहे.

दुसरा अडसर कलम ५२ चा. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा कोणताही बदल करता येत नाही, असे हे कलम सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात त्याचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी तरतूद केली. इंजिन बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्याला १४ दिवसांत कळवावे लागते. हा नियम निर्हेतुक नाही. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या सांगाड्यांवर नव्या जीप रचून विकण्याचा मोठा व्यवसाय फोफावला. एका गाडीचे कागद, दुसरीची चासी आणि तिसरीचे इंजिन, अशा गाड्या देशभर गेल्या. चोरीच्या गाड्या खपवण्याची सोयही त्यातून होऊ शकते. पण डबवालीची रचलेली जीप आणि कराडच्या एखाद्या निवृत्त सुभेदाराने मूळ चासी क्रमांकासह जपलेली जीप यांच्यात फरक करणारी यंत्रणाच नसेल, तर शिक्षा दुसऱ्यालाच अधिक होते. पहिल्याला कागद ‘जुळवून’ घेता येतात.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी प्रदर्शनाला, व्हिंटेज फेरीला, तांत्रिक संशोधनासाठी, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला मात्र मनाई. मुंबईच्या संग्राहकाच्या रोल्स रॉइसला हा झगा उत्तम बसतो. पाटण तालुक्यातल्या डोंगरवस्तीवर खताची पोती चढवणाऱ्या जीपला तो बसत नाही. तिला मान हवा असेल तर काम सोडावे लागेल.

इतर देशांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील गाडीला वाहनकर माफ आहे आणि २०१८ पासून, मोठा फेरफार झालेला नसल्यास, वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. जर्मनीत ३० वर्षे झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराचा क्रमांक मिळतो आणि ती रस्त्यावर चालवता येते. देवराष्ट्रेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी बनवलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नोंदणी देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये आहे. ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर असे एकेक पाहून अधिकारी गाडी पास किंवा नापास करतो. आपल्याकडे वाहनांच्या नमुन्याला मान्यता देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, देवराष्ट्रेहून काही तासांच्या अंतरावर. पण ती व्यवस्था हजारोंनी गाड्या काढणाऱ्या उत्पादकांसाठी आखलेली. एकाच गाडीचा निर्माता तिच्या हिशेबातच नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच जड आहे. जुन्या जीपला हवेच्या पिशव्या नाहीत, अनेकींना सीटबेल्टही नाही, ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे. भारतात प्रदूषणाचे भारत टप्पे २००० नंतर आले. त्याआधीच्या डिझेल इंजिनांना ते लागूच नव्हते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, ते तिथल्या हवेची अवस्था पाहूनच. पंधरा-वीस माणसे बसवलेली वडाप जीप घाटात उलटते तेव्हा तिच्या देखण्या तोंडवळ्याचे कौतुक कोणाला राहत नाही. परंतु दिल्लीच्या धुक्यासाठी शोधलेले औषध कोयनेच्या खोऱ्याला द्यायचे का, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. शौकिनाची जुनी गाडी वर्षाकाठी धावते तरी किती? आणि शेतकऱ्याची धावत असेल तर ती नीट थांबते का, धूर किती सोडते, हे यंत्राने मोजता येते. स्वयंचलित तपासणी केंद्रे त्यासाठीच उभारली जात आहेत. ऑगस्ट २०२१ मधील मोडीत काढण्याच्या धोरणाचे मूळ सूत्रही ‘वय नव्हे, क्षमता’ असेच सांगण्यात आले होते. शुल्काचा तक्ता मात्र जन्मतारीख पाहूनच आखला गेला आहे.

डोंगराळ भागात चारही चाकांना ओढ असलेली गाडी ही चैन नव्हे, हे जुलै २०२१ च्या पावसाने दाखवले. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, रस्ते तुटले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर वेढले होते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली होती. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर आजही लाँच आणि कच्चा रस्ता यांच्या भरवशावरच वावर चालतो.

जुन्या जीपचा एक मोठा झराही आता आटला आहे. सरकारी खाती आपल्या जुन्या जीप लिलावात काढीत आणि तिथूनच हौशी माणसाला किंवा शेतकऱ्याला मूळ रूपातली, कागद स्वच्छ असलेली गाडी मिळत असे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच पाठवावी लागतात. संरक्षण दलांच्या विशेष वाहनांना यातून वगळले आहे. पाटबंधारे आणि वनखात्याच्या आवारांत झाडाखाली उभ्या असलेल्या जीप आता चिरडल्या जातील. त्यांच्याबरोबर त्यांचे आस, गिअरपेट्या आणि सांधेही वितळतील. मूळ सुटा भाग मिळेनासा झाला की कारागीर दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवतो, आणि तसे केले की कलम ५२ पुढे उभे राहते. एका नियमाने मूळ भागांचा पुरवठा तोडायचा आणि दुसऱ्याने मूळ भागांचाच आग्रह धरायचा, असा हा प्रकार आहे.

साताऱ्यात १९८६ मध्ये नोंदलेली एखादी जीप घ्या. ब्रिटनमध्ये ती यंदा ऐतिहासिक वाहनांच्या उंबरठ्यावर असती, जर्मनीत तिने तो कधीच ओलांडला असता. इथे तिला व्हिंटेज नोंदणीसाठी २०३६ पर्यंत थांबावे लागेल. तोवर दोन नूतनीकरणे, दर वेळी १० हजार रुपये आणि तपासणी. मग व्हिंटेजचे २० हजार. ते भरून नवा क्रमांक मिळाला की तीच जीप प्रदर्शनाला नेता येईल, शेतावर नेता येणार नाही.