देवाला जाते, फिरायला नाही

मैत्रिणींनो,

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात बाईला घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. दवाखाना चालतो, भावाच्या मुलीचं लग्न चालतं, बँकेतलं काम चालतं, आताशा बचतगटाची मीटिंगही चालते. देव तर सगळ्यांत उत्तम चालतो. "शेगावला दर्शनाला जाऊन येते" म्हटलं की सासूबाई अडवत नाहीत, उलट आपल्याही नावाचा नारळ सोबत देतात. पण "जरा फिरायला जाऊन येते" असं कधी म्हणून बघा. पहिला प्रश्न येतो, "कुणासोबत?" आणि लगेच दुसरा, "कशाला?" या वेळी मला बोलायचं आहे ते या 'कशाला'बद्दल.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने 'आनंद सागर' उभारला, तेव्हा या अडचणीवर नकळत एक तोड निघाली होती. पाण्याची सदाची ओढ असलेल्या आपल्या मुलखात दोनशेहून अधिक एकरांवर झाडी, मोठा तलाव, तलावातल्या बेटावर ध्यानकेंद्र, मुलांसाठी खेळणी आणि बागेतून फिरणारी छोटी आगगाडी. मध्यंतरी काही वर्षं तो बंद राहिला, नंतर त्यातला काही भाग पुन्हा उघडला. पण ऐन भरातल्या दिवसांत तिथे गेलेल्या बायांशी बोला. दर्शनाबद्दल त्या श्रद्धेने बोलतात, आणि आगगाडीबद्दल बोलताना हसतात. देवाच्या नावाने निघालेल्या बाईला तिथे दोन तास नुसतं झाडाखाली बसता येत होतं. लोणारचंही तसंच. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात, २०२०मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. आपल्याकडची बाई मात्र विवर उतरते ती कमळजादेवीसाठी. सरोवर वाटेत दिसतं, एवढंच.

१७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि चित्र थोडं हललं. हातात स्वतःचे पैसे नसलेल्या बाईलाही भाड्यापुरती जमवाजमव करता येऊ लागली. आमच्या गटातल्या काही जणी अशाच अर्ध्या तिकिटावर एका बागेत जाऊन आल्या, मीही होते. कुणाचाही नवरा, दीर किंवा मुलगा सोबत नव्हता. बाकांवर बसलेल्या इतर बाया मी बराच वेळ पाहत होते. बहुतेकींच्या मांडीवर पिशव्या होत्या. पुरुष फोटो काढत होते, मुलं घसरगुंडीवर होती. बाई पिशव्या राखत होती, चपला सांभाळत होती, मधूनच उठून कुणाचं नाक पुसत होती, डबा उघडत होती आणि पुन्हा बांधत होती. तो डबा तिने पहाटे उठून केलेला. दशम्या, ठेचा, पोरांसाठी वेगळं काही. घरी गेल्यावर तो घासायचाही तिलाच. सहल सगळ्यांची झाली. तिची फक्त कामाची जागा बदलली.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं कुणाला वाटत असेल तर सरकारचेच आकडे पाहा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाण चारांत एक. म्हणजे जवळजवळ पाच तास रोजचे, बिनपगारी. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळणं यात धरलेलं नाही, शेतातलं तर नाहीच. या पाच तासांना रविवार नसतो. मग बागेतल्या बाकावर तरी तो कुठून यावा?

बागांच्या पाट्यांवर 'सहकुटुंब या' असं लिहिलेलं असतं. शब्द मोठा गोड आहे. पण नीट पाहिलं तर या कुटुंबात बाईसाठी काय केलेलं असतं? मुलांसाठी झोके असतात, म्हाताऱ्यांसाठी बाक, तरुणांसाठी फोटोची जागा. बाईसाठी धड संडासही नसतो. असला तर त्याला कुलूप, नाही तर पाणी नाही, नाही तर आतून कडी नाही. म्हणून कितीतरी बाया सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि जिचं कुटुंबच पाटीतल्या चौकटीत बसत नाही तिने काय करायचं? एकटी, टाकलेली, विधवा बाई बागेत बसली तर लोक तिच्याकडे असे पाहतात की तिने उठून जावं.

इथे एक आक्षेप येणार, तो आपल्याच चळवळीतून येणार. २००६मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं त्यांत बुलडाणा होता. जिथे नवऱ्यामागे कर्ज फेडत बाई रोजंदारीला जाते तिथे बाग आणि झोके काय सांगता? प्रश्न रास्त आहे. आधी जमीन तिच्या नावावर व्हावी, मजुरी समान मिळावी, मारहाण थांबावी, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण त्या बाईशी बसून बोलताना मला कळलेली एक गोष्ट सांगते. तिच्याकडून पैसा गेला हे सगळ्यांना दिसतं. तिच्याकडून हसणं, नटणं, चारचौघींत बसणंही काढून घेतलेलं असतं, ते मोजायला कुणी येत नाही. भाकरी मिळेपर्यंत विसाव्याची वाट पाहा असं पुरुषाला कुणी सांगत नाही. कर्जात बुडालेलं गाव असो, पारावर पुरुष बसलेले असतातच. पार हा त्यांचा हक्क, आणि आपली बाग मात्र चैन?

मुंबईतल्या बायकांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला सार्वजनिक जागेत सतत काहीतरी कामानिमित्त आल्याचं दाखवावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळता येणं हाही नागरिकाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. ते मुंबईचं आहे म्हणून आपल्याला परकं वाटू नये. आपल्याकडे तर हे जुनंच आहे. नागपंचमीला झाडाला दोर बांधून मोठाल्या बाया झोके घेत. मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशाचा वारा लागतो, तिथे आखाजीचे झोके असत. भुलाबाईच्या दिवसांत पोरीबाळी घरोघर जमून गात. तेव्हा माहेर होतं, अंगण होतं, झाड होतं. आता झाड तुटलं, अंगणात मोटारसायकल उभी राहिली, आणि बागेतल्या झोक्याला पाटी लागली की मोठ्यांनी बसू नये. झोका बाईच्या हातून असा गेला.

ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या गावांतल्या बायांची गोष्ट आणखी वेगळी. १९९७मध्ये घोषित झालेलं हे दोनशे चौरस किलोमीटरचं जंगल आपण जीपमधून पाहायला जातो. जंगलाकाठच्या बाईला रान म्हणजे सरपण, गुरं आणि धाक. एका बाईने मला विचारलं, "ताई, जंगल पाहाले पैसे देता तुम्ही?" मी हसले, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही सरळ उत्तर नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या गावची सरपंचबाई, वॉर्डातली नगरसेविका यांना गाठा. गावात बालोद्यानाचा ठराव येईल तेव्हा चार गोष्टी त्यात लिहून घ्या: पाणी आणि कडी असलेला बायकांचा संडास, अंधार पडल्यावर दिवे, सावलीतले बाक, आणि मोठ्या बाईचं वजन पेलेल असा किमान एक झोका. आगाराकडे संध्याकाळच्या परतीच्या गाडीची मागणी करा, कारण अर्धं तिकीट घेऊन गेलेल्या बाईला परत आणणारी गाडीही हवी.

आणि एक काम घरातलं. महिन्यातून एक दिवस मैत्रिणींसोबत निघा. डबा करू नका, शेगावात असाल तर कचोरी घ्या. मुलं त्यांच्या बापाकडे ठेवा, ती त्याचीही आहेत. कुणी 'कशाला' विचारलं तर देवाचं नाव पुढे करू नका. देवाला जायचं तेव्हा देवाला जा. फिरायला निघाल्या असाल तर म्हणा, "फिरायला जाते." पहिल्यांदा जीभ अडखळेल. दुसऱ्यांदा कमी अडखळेल.

कुठे गेलात, काय झालं, घरी कोण काय म्हणालं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

तुमची,
संपादक